डांबरी अंगणाची निगा

मे महिन्यातल्या दुपारी सोसायटीच्या अंगणात स्कूटर उभी करावी आणि तासाभराने परत येऊन पाहावे. स्टँडचा पाय डांबरात रुतलेला असतो. क्वचित गाडीही कलंडलेली असते. लगेच चिटणीसांकडे तक्रार जाते, "डांबर वितळले, नवा थर टाका." सभा भरते, वर्गणी निघते, थर पडतो, आणि श्रावण सरण्यापूर्वीच त्याच जागी खड्डा दिसू लागतो. पैसा खर्चून दुखणे कायम राहते, ते का, याचा विचार पावसाळा दाराशी आला असताना केलेला बरा.

आपण ज्याला सरसकट डांबर म्हणतो त्या वस्तू वस्तुतः दोन आहेत. एक दगडी कोळशापासून निघणारे खरे डांबर. दुसरे खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरणारे बिटुमेन. आज आपल्या रस्त्यांवर पडते ते हे दुसरे. बर्फाप्रमाणे ते एका ठराविक अंशावर वितळत नाही. उष्णता वाढेल तसतसे हळूहळू मऊ होत जाते. सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० या प्रतीचा मृदुकरणबिंदू किमान ४७ अंश सेल्सियस असावा, असे भारतीय मानक सांगते. उन्हाळ्यात काळा पृष्ठभाग ६० अंशांवरही तापतो. तेव्हा दुपारी डांबर थोडे मऊ पडणे हा त्याचा स्वभावच आहे. त्यातली खडी एकमेकींत घट्ट बसलेली असेल, तर मोटारीचे रुंद चाक त्यावरून सुखाने जाते. स्टँडच्या टोकावर मात्र सगळा भार इंचभर जागेत एकवटतो आणि ते टोक आत शिरते.

यावरचे उपाय साधे आहेत. स्टँडखाली फळीचा तुकडा ठेवावा. उभ्या मोटारीचे सुकाणू जागच्या जागी फिरवू नये. त्याने खडी उखडते. नव्या थरावर दोन-तीन दिवस वाहन आणू नये, कडक उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. डांबर वर पाझरून चकाकत असेल, तर कोरडी जाड वाळू किंवा कच पसरून दाबावी व उरलेली झाडून काढावी. पेट्रोल, डिझेल, इंजिनचे तेल सांडले तर तत्काळ वाळूने टिपून साबणाच्या पाण्याने धुवावे. कारण ही सारी बिटुमेनच्याच कुळातली असल्याने ती त्याला विरघळवतात. तशी पोखरलेली जागा पुन्हा घट्ट होत नाही. ती कापूनच काढावी लागते.

परंतु अंगणाचा खरा शत्रू ऊन नाही, पाणी आहे. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जॉन मॅकॅडम (१७५६-१८३६) याने रस्त्यांविषयी एक मर्माची गोष्ट सांगितली होती: वाहनांचा भार शेवटी खालची जमीनच पेलते, आणि ती कोरडी राहिली तर कितीही भार पेलते. त्याच्या खडीच्या रस्त्यांवर डांबर नव्हते. पुढे मोटारी आल्या, धूळ उडू लागली, तेव्हा एडगर हूली या अभियंत्याने १९०२ मध्ये डांबरमिश्रित खडीचे पेटंट घेतले. 'टार' आणि 'मॅकॅडम' मिळून 'टारमॅक' हा शब्द झाला. अंगणावरचा पातळ काळा थर हे मुख्यतः छप्पर आहे. खालची खडी, मुरूम आणि माती ह्या भिंती होत. छप्पर गळले की भिंती खचतात. आपल्याकडच्या काळ्या मातीचे तर विचारूच नका. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते.

म्हणून पावसापूर्वी एकदा बादलीभर पाणी ओतून ते कोठे जाते ते पाहावे. दर मीटरला सुमारे २५ मिलिमीटर उतार असावा आणि पाणी गटाराकडे जावे, जिन्याकडे नव्हे. जुन्या थरावर थर चढवत गेल्यास अंगण उंच होते आणि पाणी घरात शिरते, हे पुष्कळांच्या उशिरा लक्षात येते. बारीक भेगा झाडून, कोरड्या करून बिटुमेनने बुजवाव्यात. उघड्या कडांना दगडांचा किंवा विटांचा आधार द्यावा.

खड्डा पडलाच, तर त्यात नुसते मिश्रण ओतणे म्हणजे मळलेल्या जखमेवर पट्टी बांधणे होय. भोवतालचा सैल भाग पक्क्या थरापर्यंत चौकोनी, उभ्या कडांनी कापावा. ओली माती काढून मुरूम भरून ठोकावा. जागा पूर्ण कोरडी व धूळरहित करावी. ओल्या दगडाला बिटुमेन धरत नाही. तळाला आणि कडांना बिटुमेनचा पातळ हात द्यावा. मग पोत्यात मिळणारे थंड मिश्रण सुमारे पाच-पाच सेंटिमीटरच्या थरांनी भरून प्रत्येक थर धुमसाने ठोकावा. शेवटचा थर किंचित उंच ठेवावा आणि सांधे बुजवावेत. गरम बिटुमेनचे काम घरी करू नये. ते जाणत्या कामगारांवर सोपवावे, कारण त्याचा चटका फार खोल भाजतो.

तात्पर्य, पुढच्या सभेत "नवा थर केव्हा?" असे विचारण्यापूर्वी "पाणी कोठे मुरते?" असे विचारावे. त्याचे उत्तर सापडले, तर वर्गणीची बरीचशी रक्कम शिल्लक राहील.