चिमुकल्या फौजेची बैठक

आमचे धाकटे बंधु नोकरीनिमित्त इंग्लंडांत गेले आणि तेथेंच स्थायिक झाले. पन्नाशीनंतर त्यांस तिकडील एका छंदानें गांठलें. मेजावर धातूच्या इवल्याशा सैनिकांच्या फौजा मांडावयाच्या, फांसे टाकून व पट्टीनें अंतर मोजून नियमानुसार लढाई खेळावयाची, असा तो छंद. बुद्धिबळाचाच हा भाऊबंद. मात्र येथें पटावर बहुधा घरें नसतात, आणि शिपाई खेळणाऱ्यानें स्वतः रंगविलेले असतात. ख्रिस्तपूर्व ३२६ मध्यें झेलमच्या कांठीं शिकंदरास तोंड देणाऱ्या पोरस राजाची फौज बंधूंनीं रंगविली होती.

बंधु आतां नाहींत. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही पुतण्याकडे गेलों, तेव्हां तो त्याच फौजेपुढें धारदार पातें घेऊन बसला होता. एका हत्तीचा पाय मोडून बाजूस पडला होता. "हें काय रे?" असें विचारतां तो ओशाळून म्हणाला, "काका, आमच्या मंडळींनीं नवी नियमावली घेतली. तिला बैठका निराळ्या मापाच्या लागतात. म्हणून हे सगळे काढून पुन्हां चिकटवायचे आहेत."

हें बैठकीचें प्रकरण काय, हें वाचकांस थोडक्यांत सांगितलें पाहिजे. एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकानें १९१३ सालीं 'लिटल वॉर्स' हें पुस्तक लिहिलें, त्यांत प्रत्येक शिपाई सुटा उभा असे व खेळांतल्या तोफेंतून लांकडी गोळी मारून त्यास पाडीत. पुढें प्राचीन युद्धांचे खेळ रूढ झाले, तेव्हां तीन-चार शिपाई एकाच पट्टीवर चिकटवून ती एक तुकडी मानूं लागले. ही पट्टी म्हणजे बैठक. १९९० सालीं निघालेल्या 'डी बेलिस अँटिक्विटाटिस' या नियमावलींत फौज अवघ्या १२ बैठकांची असते. १५ मिलिमीटर मापाच्या सैनिकांस बैठकीची रुंदी सर्वत्र ४० मिलिमीटर; खोली मात्र दाटीनें उभ्या राहणाऱ्या भालाइतांस १५, घोडेस्वारांस ३० व हत्तीस ४०. बंधूंची फौज याच मापाची होती.

मग माप बदलल्यानें बिघडतें काय? बिघडतें तें न्यायाचें. ज्याची बैठक अरुंद, त्याचे अधिक शिपाई तेवढ्याच जागेंत शत्रूस भिडतात. २०२४ सालीं निघालेल्या 'वॉरहॅमर : द ओल्ड वर्ल्ड' या खेळांत साध्या मनुष्य-पायदळास २५ मिलिमीटरांची चौकोनी बैठक लागते, पूर्वीची २० ची होती. पांच जणांची रांग पूर्वी १०० मिलिमीटर होई, ती आतां १२५ होते. जुने व नवे समोरासमोर आले, तर सामना विषम होणारच.

आम्ही पुतण्याच्या हातांतून एक बैठक घेतली व सहज उलटी केली. तिच्या पोटीं बंधूंच्या वळणदार अक्षरांत 'धन्विनः' असें तुकडीचें नांव व रंगकाम पुरें झाल्याची तिथि लिहिली होती. मोडक्या हत्तीखालीं जी तिथि होती, ती आमच्या मातोश्रींच्या श्राद्धाची. पुतण्या तिकडेच वाढलेला. त्यास देवनागरी वाचतां येत नाहीं. त्यानें तीन जुन्या बैठका केराच्या टोपलींत टाकल्याही होत्या. आम्ही वाचून दाखविलें, तेव्हां तो कांहीं न बोलतां उठला आणि टोपली घेऊन आला.

त्यानंतर दोन दिवस आम्ही दोघे पट्टी व पेन्सिल घेऊन बसलों. नव्या नियमांस ८० मिलिमीटर रुंदीची सलग तुकडी हवी होती. म्हणजे ४० च्या दोन बैठका शेजारीं शेजारीं. त्या मापाचीं पातळ लांकडी तबकें आम्ही कापलीं. कांठ फक्त मागें व पुढें लावले. बाजूंस लावले असते तर रुंदी वाढली असती. खोली कमी पडे तेथें मागें एक पट्टी भरली. ज्यांची फौज २० च्या बैठकांवर आहे, त्यांनींही शिपाई न उखडतां २५ च्या अंतरानें खांचे पाडलेलें तबक करावें. खेळ संपला कीं बैठका उचलाव्या. जुन्या नियमांनीं खेळण्यास त्या पुन्हां मोकळ्या. शिवाय दोनही पक्षांच्या बैठका सारख्या रुंद असतील, तर तबकाचीही गरज नाहीं. उपर्युक्त नियमावलीच्या २०१४ च्या आवृत्तींत अंतरें बैठकीच्या रुंदीनेंच मोजतात.

आयुष्यभर संस्कृत शिकवितांना आम्ही मुलांकडून श्लोकांचा अन्वय करून घेतला. अन्वयांत पदांच्या जागा बदलतात, पण पद मोडावें लागत नाहीं. कारण त्याची विभक्ति त्याच्याबरोबर चालते. या फौजेचेंही तसेंच आहे. नियम दर दहा वर्षांनीं नवे निघतील. त्यांच्यासाठीं मांडणी बदलावी, मोजणी बदलावी, पण रंगविणाऱ्या हाताचें काम उखडूं नये.

हत्तीचा पाय आम्ही बारीक तारेची खुंटी घालून जोडला. टोपलींतल्या तीनही बैठका आपापल्या शिपायांखालीं परत गेल्या. निघण्याच्या आदल्या रात्रीं पुतण्या म्हणाला, "काका, तीं सगळीं नांवें मला वाचायला शिकवा." आम्ही 'ग' आणि 'ज' या दोन अक्षरांपासून आरंभ केला.