एक ‘हो’ आणि लाखो ‘नाही’

एक खरी घडलेली गंमत सांगते. अमेरिकेत मिसुरी नावाचं राज्य आहे. तिथल्या सेंट्रल मिसुरी विद्यापीठातल्या एका साध्या टेबलावरच्या संगणकावर एक गणित चालू होतं. थोडंथोडकं नाही, रात्रंदिवस ३१ दिवस! १७ सप्टेंबर २०१५ रोजी ते संपलं आणि संगणकाने उत्तर कळवलं, “ही मूळ संख्या आहे.” तोपर्यंत जगात माहीत असलेल्या सगळ्या मूळ संख्यांपेक्षा ती मोठी होती. २ कोटी २३ लाख ३८ हजार ६१८ अंकांची!

मग काय, एकच जल्लोष झाला असेल, नाही? छे! कुणाला पत्ताच नव्हता. अशी संख्या सापडली की एक ईमेल आपोआप जायची होती, ती गेलीच नाही. निकाल बिचारा यादीत तसाच पडून राहिला. ७ जानेवारी २०१६ला नेहमीची आवराआवर करताना तो कुणाच्या तरी नजरेला पडला. साडेतीन महिन्यांहून जास्त काळ जगातली सर्वांत मोठी मूळ संख्या सापडूनही हरवलेली होती!

असं कसं झालं? कारण त्या यादीत जवळजवळ सगळी उत्तरं ‘नाही’ अशीच असतात. लाखो ‘नाही’. त्यात एखादाच ‘हो’.

मूळ संख्या तुम्हाला माहीतच आहेत. जिला १ आणि ती स्वतः, एवढ्याच संख्यांनी भाग जातो ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११... त्या कधीच संपत नाहीत हे ग्रीक गणिती युक्लिडने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच दाखवून दिलं. मग मोठी मूळ संख्या शोधायची कशी? त्यासाठी एक खास जात उपयोगी पडते. २ला २ने पुन्हा पुन्हा गुणा आणि शेवटी १ वजा करा. दोन वेळा २ घेतले तर ३ मिळतात, तीन वेळा घेतले तर ७, पाच वेळा ३१ आणि सात वेळा १२७. सगळ्या मूळ! पण अकरा वेळा घेतले की येतात २०४७, आणि तिथे आपली फजिती होते. २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

फ्रान्समधले एक धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी १६४४ साली अशा संख्यांची एक यादी छापली. २५७ वेळा २ घेण्यापर्यंत कुठे कुठे मूळ संख्या मिळते, ते त्यांनी सांगितलं. यादी चुकली होती! ६७ आणि २५७ त्यात उगाच आले होते. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. ही यादी पूर्णपणे तपासून व्हायला १९४७ साल उजाडलं. म्हणजे तीनशे वर्षं! तरीही या संख्यांना नाव मिळालं ते मर्सेन यांचंच.

आता ६७ची गोष्ट ऐका. सदुसष्ट वेळा २ घेऊन १ वजा केला की २१ अंकी संख्या मिळते. ही मूळ नाही, हे फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८७६ साली दाखवलं. पण तिचे अवयव कोणते? ते त्यांनाही माहीत नव्हतं! ते सापडले १९०३ साली, अमेरिकेतल्या फ्रँक कोल यांना : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. आता तुम्ही म्हणाल, अवयव माहीत नसताना ‘मूळ नाही’ हे कळलंच कसं?

ल्युका यांनी सुरू केलेली आणि पुढे अमेरिकेतल्या डेरिक लेमर यांनी सुटसुटीत केलेली ही रीत पाहा. वही-पेन्सिल घ्या. आपल्याला १२७ तपासायची आहे. ४ या आकड्यापासून सुरुवात करा. दर वेळी वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि १२७ने भागून बाकी तेवढी ठेवायची. ४चा वर्ग १६, वजा २, राहिले १४. १४चा वर्ग १९६, वजा २ म्हणजे १९४, बाकी ६७. पुढची बाकी ४२, मग १११ आणि मग... ०! सात वेळा २ घेतले होते, म्हणून पायऱ्या सातपेक्षा दोन कमी, पाच. शेवटच्या पायरीला शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर नाही. २०४७साठी नऊ पायऱ्या कराल तर शेवटी १७३६ उरतात. म्हणजे उत्तर ‘नाही’. यात २३ आणि ८९ कुठेच दिसले नाहीत, पाहिलंत?

या रीतीत एक मेख आहे. आधीची पायरी झाल्याशिवाय पुढची करता येत नाही. त्यामुळे एका संख्येचं काम दहा जणांना वाटून देता येत नाही. पण संख्या वाटता येतात! आम्ही शिक्षक परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे वाटून घेतो, तसंच.

हे हेरलं अमेरिकेतल्या जॉर्ज वोल्टमन यांनी. जानेवारी १९९६मध्ये त्यांनी एक प्रोग्राम तयार केला आणि तो इंटरनेटवर फुकट देऊन टाकला. आपण संगणकावर पत्र लिहीत असतो तेव्हा दोन अक्षरांच्या मधे त्या बिचाऱ्याला कितीतरी वेळ काही कामच नसतं. त्या रिकाम्या वेळात हा प्रोग्राम आपल्या वाट्याची संख्या तपासत बसतो. या मोहिमेचं नाव ‘गिम्प्स’. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॅरिसच्या ज्योएल आर्मेंगो यांना पहिला ‘हो’ मिळाला. १९९८ साली ९ लाख ९ हजार ५२६ अंकांची मूळ संख्या सापडली ती रोलंड क्लार्कसन या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला. त्याआधी ही शिकार महासंगणकवाल्यांचीच असे. आणि तेही उड्या मारत शोधायचे बरं का! १,३२,०४९ आणि २,१६,०९१ या घातांकांच्या मूळ संख्या १९८३ आणि १९८५ साली मिळाल्या, पण त्यांच्या मागे राहिलेली १,१०,५०३ची संख्या १९८८पर्यंत कुणाच्या हाती लागली नव्हती.

म्हणूनच ‘गिम्प्स’मध्ये ‘नाही’लाही किंमत आहे. ‘नाही’ म्हटलं की ती संख्या बाजूला जाते. पण ते ‘नाही’ चुकीचं असलं तर? संगणक तापला, एखादा अंक बिघडला, तर पुढची सगळी बाकी बदलते, आणि खरी मूळ संख्या कायमची ‘नाही’च्या ढिगात जाते. म्हणून प्रत्येक ‘नाही’ दुसऱ्या संगणकावर पुन्हा तपासायचं आणि शेवटची बाकी जुळते का पाहायची. पहिल्यांदा तपासणाऱ्याला निदान ‘हो’ची आशा तरी असते. दुसऱ्यांदा तपासणाऱ्याला जवळजवळ तीही नाही! मला तर याच लोकांचं जास्त कौतुक वाटतं. २०२०च्या सुमाराला एक नवी रीत आली. आता पहिला संगणक उत्तराबरोबर पुरावाही देतो आणि तपासणी बऱ्याच कमी वेळात होते.

अमेरिकेतल्या जोनाथन पेस यांनी चौदा वर्षं शोध घेतल्यावर डिसेंबर २०१७मध्ये त्यांना संख्या मिळाली. डिसेंबर २०१८मध्ये आणखी एक सापडली. त्यानंतर जवळजवळ सहा वर्षं नुसतं ‘नाही’. शेवटी ऑक्टोबर २०२४मध्ये ल्यूक ड्युरांट यांनी ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकांची संख्या शोधली. तिच्यासाठी २ घ्यावे लागतात १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ वेळा! सेकंदाला एक अंक या वेगाने ती लिहायला बसलात तर जेवणखाण, झोप सोडून जवळजवळ ४७५ दिवस लागतील. ड्युरांट यांनी घरचा संगणक नव्हे, तर १७ देशांतली भाड्याची ग्राफिक्स कार्डं कामाला लावली होती. डब्लिनमधल्या कार्डाने ‘बहुतेक मूळ’ म्हटलं, दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या कार्डाने ‘हो’ म्हटलं. तरी लगेच जाहीर केलं नाही. वेगवेगळ्या प्रोग्रामांनी पुन्हा तपासलं, मगच २१ ऑक्टोबरला बातमी दिली.

या संख्येचा उपयोग काय, असं आई-बाबा विचारतील. खरं सांगायचं तर अजून काही नाही. बँकेचे व्यवहार गुप्त ठेवायला मूळ संख्या लागतात, पण त्या काही शे अंकांच्या. मात्र हा प्रोग्राम संगणकाला असा राबवतो की त्याच्यातला दोष उघडा पडतो. २०१६ साली इंटेलच्या नव्या प्रोसेसरमधली एक चूक अशीच सापडली. आणि पालकांनो, रिकामा वेळ फुकट असला तरी वीज फुकट नाही. संगणक तापतो आणि बिलही वाढतं. तेव्हा मुलांनी हट्ट धरला तर आधी हे बोलून घ्या.

तोवर एक काम विजेशिवाय करता येईल. तेरा वेळा २ घेऊन १ वजा केला की येतात ८१९१. दोघं दोन कोपऱ्यांत बसा, एकमेकांच्या वहीत डोकावू नका. पायऱ्या अकरा. सातव्या पायरीला ३६ यायला हवेत, दहाव्या पायरीला १२८. अकराव्या पायरीला काय येतं ते दोघांनी वह्या शेजारी ठेवून पाहा.