आधी घसा, मग श्वास

जेवताना ठसका लागला की घरातले वडीलधारे माणूस टाळूवर थापटते आणि 'वर बघ' म्हणते. वर बघितल्याने काय होते कोण जाणे. खरे काम ठसकाच करतो. घशात काही अंतर अन्नाची आणि हवेची वाट एकच असते. घास गिळताना श्वासनलिकेच्या तोंडावरचे झाकण मिटते, आणि तरीही एखादे शीत आत गेलेच तर ठसका ते बाहेर फेकतो.

बेशुद्ध माणसाचा हा पहारा उठलेला असतो. डोक्याला मार लागलेला, दारूच्या नशेत उताणा पडलेला, आकडी येऊन गेलेला, अशा कोणाच्याही घशात उलटी, रक्त किंवा लाळ साचली तर ती मागे सरकून श्वासनलिकेत उतरू शकते. रुग्णवाहिका म्हटले की आपल्याला सायरन आठवतो, फार तर ऑक्सिजनचे सिलिंडर. पण घसा भरलेला असताना तोंडावर मास्क दाबून हवा भरली, तर ती हवा समोरची घाणच फुप्फुसाकडे ढकलते. म्हणून ऑक्सिजनच्याही आधी घसा उपसावा लागतो. त्याला घाईही फार, कारण प्राणवायू पूर्ण तुटला तर साधारण ४ ते ६ मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते.

पोटातले द्रव्य फुप्फुसात गेले तर नेमके काय होते, याचा पद्धतशीर अभ्यास न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेल्या ४४,०१६ बाळंतिणींच्या नोंदींत ६६ जणींना भुलीखाली असताना हा प्रकार झाला होता. दोघी दगावल्या, त्या घट्ट अन्नाने श्वास कोंडून. मग त्यांनी सशांवर प्रयोग केले आणि दाखवले की अन्नाचे तुकडे वाट अडवतात, तर जठरातले आम्ल फुप्फुसाला भाजून काढते. शस्त्रक्रियेपूर्वी पोट रिकामे ठेवण्याचा जो आग्रह आज धरला जातो, त्याला या अभ्यासाने मोठे बळ दिले.

रस्त्यावर कोसळणारा माणूस मात्र उपाशीपोटी कोसळत नाही. रुग्णवाहिकेतल्या सक्शनची खरी अडचण इथेच आहे. या यंत्राच्या टोकाला जी वाकडी, टणक नळी लावतात तिला यांकाउअर म्हणतात. सिडनी यांकाउअर या न्यूयॉर्कच्याच घसातज्ज्ञांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती बनवली, टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेत रक्त टिपण्यासाठी. घशाचे नाजूक अस्तर ओढले जाऊ नये म्हणून तिची भोके बारीक ठेवली आहेत. रक्त आणि लाळ त्यातून सहज जाते, पण वरणभात आणि पोळीचे तुकडे जात नाहीत. अशा वेळी अनुभवी माणूस ती नळी काढून टाकतो आणि मागची रुंद रबरी नळीच वापरतो, किंवा मान व पाठ एका रेषेत सांभाळत रुग्णाला कुशीवर वळवतो. कुशीवर वळवण्याला कसलीच बॅटरी लागत नाही. अमेरिकेतले भूलतज्ज्ञ जेम्स डुकांटो यांनी अलीकडे याचसाठी मोठ्या भोकाची नळी प्रचारात आणली आहे.

यंत्र तसे साधे. मोटर हवा ओढते, बरणीत निर्वात तयार होतो आणि घशातला द्रव नळीवाटे बरणीत येतो. ओढ पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. रक्तदाब 'एकशेवीस' आहे असे आपण म्हणतो तेव्हाही हेच माप असते. नळीचे तोंड बंद केल्यावर काटा ३०० च्या पुढे जायला हवा. मात्र यंत्र घशातली घाण ओढते तशी हवाही ओढते, म्हणून प्रौढाला एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त सक्शन करत नाहीत. मुलांना त्याहून कमी. नळी नजरेला दिसते तिथवरच घालायची. ती घशाच्या मागच्या भिंतीला टोचत राहिली तर हृदयाचे ठोके मंदावू शकतात.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ताफ्यात ९३७ गाड्या होत्या, त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षणाच्या. पण गाडीच्या भिंतीला जडवलेले सक्शन चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर किंवा घाटातल्या दरीत पोहोचत नाही. तिथे हातात उचलून नेता येणारेच हवे. आपल्याकडचे रुग्ण पाहिले की त्याची निकड कळते. मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या जड होतात, मग गिळण्याचे स्नायू लुळे पडतात. तो शुद्धीवर असतो, पण स्वतःचीच लाळ त्याला गिळता येत नाही. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाच्या विषबाधेत तोंडाला फेस येतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले, ते आपण वाचले आहेच. मात्र या विषाने सुटणारे पाणी फुप्फुसातूनही येत असते. सक्शनने वरची वाट मोकळी होते, पाझर थांबवायला अ‍ॅट्रोपीनच लागते. एकीवाचून दुसरे अपुरे.

एका तालुक्याच्या गावी मी रुग्णवाहिकेतले असे यंत्र पाहिले. त्यावरचे कारखान्याचे प्लॅस्टिक अजून निघाले नव्हते. चालू करून बघू म्हटले तर बॅटरी उतरलेली. दोष कोणा एकाला देता येत नाही, कारण हे यंत्र आठवडेच्या आठवडे लागतही नाही, आणि न लागणारी वस्तू मागे सरकत जाते. त्या गाडीत हाताने दाबायचा सक्शन पंपही होता. साधा, किमतीने कमी, विजेवाचून चालणारा. तो औषधांच्या खोक्याखाली दबला होता.

हे टाळायला जी तपासणी लागते ती फारतर दोन मिनिटांची. पाळी बदलताना यंत्र चार्जरवरून काढायचे, चालू करायचे, नळीच्या तोंडावर अंगठा दाबून काटा बघायचा. बरणीचे झाकण घट्ट आहे ना, सुटी नळी आणि यांकाउअर पिशवीत आहे ना, हातपंप वरच्या वर सापडतो ना, हे पाहायचे. मग यंत्र परत चार्जरवर, आणि वहीत वेळ लिहून सही.