ताटात काय उरलं?

हॉटेलात जेवून उठलेल्या माणसाचं मत पूर्वी फार लांब जात नसे. फार तर गल्ल्यापर्यंत. पैसे देता देता तो म्हणायचा, "आज सांबार आंबट होतं हो," आणि मालक मान वळवून आत हाक मारायचा. किंवा तो काहीच म्हणायचा नाही आणि पुढच्या आठवड्यापासून शेजारच्या हॉटेलात दिसायचा. आज तेच मत बिल यायच्या आत शहरभर वाचायला मिळतं. ते ज्याने सांबार केलं त्याच्यापर्यंत पोचतं का, हा माझा प्रश्न आहे. ऐंशीच्या दशकात मी पुण्यात शिकायला आलो, तेव्हापासून बाहेरचं जेवण हा माझ्या रोजच्या जगण्याचा भाग राहिला आहे. त्या चाळीसेक वर्षांकडे मागे वळून पाहताना माझं लक्ष पदार्थांपेक्षा त्यांच्याविषयीच्या बोलण्याकडे जास्त जातं.

सुरुवात मेसपासून करायला हवी, कारण बाहेरचं जेवण म्हणजे आमच्यासाठी मेसच. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या वाड्यांमध्ये घरोघरी मेस चालत. महिन्याचे पैसे आगाऊ, दोन वेळा जेवण, रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री सुट्टी. गावी जायचं तर आधी सांगून खाडा लावायचा. किती खाडे धरायचे, सलग किती दिवस नसलं तर पैसे वळते करायचे, यावर महिनाअखेरीला मेंबर आणि काकू यांच्यात बोलणी व्हायची. चवीबद्दल मात्र तोंडावर सहसा कोणी बोलत नसे. बहुतेक मुलं खेड्यापाड्यांतून आलेली, काकू आईच्या वयाच्या, आणि वाढत्या हाताला नावं ठेवू नयेत ही घरची शिकवण पक्की. त्यामुळे मत कळायचं ते एक तारखेला. एका वाड्यातली चार मुलं पैसे द्यायला आलीच नाहीत, म्हणजे ती मेस सोडून गेली. दुसऱ्या कोणत्याही शब्दांची गरज नव्हती.

पण चांगल्या काकूंना एक तारखेची वाट पाहावी लागत नसे. आमच्या काकू स्वयंपाकघराच्या दारातल्या पाटावर बसून पोळ्या लाटायच्या आणि मोरीकडे जाणारं प्रत्येक ताट त्यांच्यासमोरून जायचं. एकदा भरल्या वांग्याची भाजी ओळीने तीन ताटांत तशीच परत आली. त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं, पातेल्यातली एक फोड तोंडात टाकली आणि लगेच गॅसवर पिठल्याचं आधण ठेवलं. वांगी कडू निघाली होती. नंतरच्या पंगतीला पिठलं मिळालं. तक्रार कोणीच केली नव्हती, आणि तरी ती ऐकली गेली होती. बाहेर जेवणाऱ्याच्या मताला इतकं चटकन उत्तर मिळताना मी नंतर क्वचितच पाहिलं.

टिळक रोडवरच्या बादशाहीसारख्या मोठ्या खानावळीतही मर्म तेच होतं. नाव नोंदवायचं, पुकारा होईपर्यंत थांबायचं आणि ताटावर बसलं की वाढपी फिरत राहणार. भाजी, आमटी, पोळी. जेवणाऱ्याने ताटावर हात आडवा धरला तर नको, दोन बोटं वर केली तर थोडंच. चांगला वाढपी हे हात वाचायचा. कोशिंबीर कोणी दुसऱ्यांदा घेत नाही हे त्याला पहिल्या पंगतीतच कळायचं, आणि आत जाऊन तो ते सांगायचाही. सेवा चांगली की वाईट हे लोक तेव्हा वाढप्यावरून ठरवत. तो हसतो का, गोड बोलतो का, याला फार किंमत नव्हती. पोळी गरम असताना येते का आणि मागायच्या आधी येते का, एवढंच बघितलं जाई.

हॉटेलांची तऱ्हा थोडी वेगळी. पुण्याच्या हॉटेलांच्या तुटकपणाबद्दल इतकं बोललं गेलं आहे की त्यात भर घालण्याची इच्छा नाही. भिंतीवर सूचना लावलेल्या असत: कामाशिवाय बसू नये, एका थाळीत दोघांनी जेवू नये. गिऱ्हाईक त्या वाचून चिडायचं, घरी जाऊन सांगायचं आणि परत तिथेच जायचं. कारण चव बदलत नव्हती. डेक्कनवरचं १९३५ सालचं गुडलक, लक्ष्मी रोडवर त्याच वर्षी नानासाहेब सरपोतदारांनी सुरू केलेलं पूना गेस्ट हाउस, मुंजाबाच्या बोळातली बेडेकरांची मिसळ, फर्ग्युसन रस्त्यावरचं रूपाली आणि वैशाली, या जागांबद्दल लोकांची मतं पिढीजात झाली होती. बापाने सांगितलेलं मुलगा तसंच्या तसं सांगायचा. वैशालीचे जगन्नाथ शेट्टी २०२१च्या डिसेंबरमध्ये गेले, तेव्हा पुणेकर ज्या आपुलकीने बोलत होते त्यात इडली-डोशाइतकाच मालक समोर वावरताना दिसायचा याचा वाटा होता. बोलायचं कोणाशी हे गिऱ्हाइकाला ठाऊक होतं.

ही पद्धत सगळ्यांसाठी सारखी होती असं मात्र म्हणवत नाही. गल्ल्यावर बोलायला एक प्रकारची बैठक लागते. रोजचं गिऱ्हाईक बोलायचं, पुरुष बोलायचा, ज्याची भाषा मालकाच्या भाषेशी जुळते तो बोलायचा. कुटुंबासाठी राखलेल्या खोलीत बसणाऱ्या बायकांचं मत त्यांच्या नवऱ्याच्या तोंडून बाहेर येई, आणि ते बहुधा "चांगलं होतं" एवढंच असे. परगावाहून कामासाठी आलेला, एकदाच जेवून जाणारा माणूस तर कोणाच्या खिजगणतीतच नव्हता. स्टँडजवळच्या कित्येक हॉटेलांचा धंदा त्याच्यावरच चालायचा आणि जेवणाची प्रतही त्याच हिशेबाने राहायची. तो पुन्हा येणार नव्हता आणि त्याचं ऐकणारंही कोणी नव्हतं.

गिऱ्हाइकाने हक्काने बोलावं ही चळवळ पुण्यातही उभी राहिली, हे इथे सांगायला हवं. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली, पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. थंडगार पुरीसाठी कोणी ग्राहक मंचाकडे गेलं नाही, पण बोलण्याची भाषा बदलली. "पावती द्या" असं नव्वदच्या दशकात लोक सहज म्हणू लागले. हा बदल लहान वाटतो. माझ्या मते पुढच्या सगळ्याची तयारी त्यात होती.

मग इंटरनेट आलं, आणि त्यावर हॉटेलांची माहिती देणारी संकेतस्थळं. २००६ साली मुंबईत बर्प सुरू झालं, २००८ साली दिल्लीत फूडीबे, तेच २०१० साली झोमॅटो झालं. सुरुवातीची वर्षं मला आजही चांगली वाटतात. झोमॅटोचं पहिलं काम मेन्यूकार्डांचे फोटो चढवण्याचं होतं. दारातून आत जायच्या आधीच दर कळू लागले, आणि हॉटेलात बसल्यावर कार्ड पाहून गुपचूप उठून जाण्याची वेळ टळली. लोक लिहायचेही तपशिलाने. कुठल्या पेठेतली थालीपीठं, लोणी वेगळं मागावं लागतं का, गाडी कुठे लावायची. लिहिणारा कोणी जाणकार समीक्षक नव्हता. बँकेत, आयटीत काम करणारा, सुट्टीच्या दिवशी बायकामुलांना घेऊन जेवायला गेलेला माणूस होता, आणि त्याचं म्हणणं पहिल्यांदाच टिकून राहत होतं.

यातलं सगळ्यात मोठं काम बायकांच्या लिहिण्याने झालं, असं मला मनापासून वाटतं. पुणे-कोल्हापूर किंवा पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कुठल्याही हॉटेलाचे रिव्ह्यू उघडा. मिसळीच्या आधी स्वच्छतागृहाबद्दल लिहिलेलं सापडतं. पाणी होतं का, कडी होती का, दिवा लागत होता का. ही गोष्ट गल्ल्यावर उभं राहून सांगणं आमच्या आईच्या पिढीला कधी जमलं नसतं. आणि तिचं उत्तरही मिळालं. आता हायवेवरच्या पाट्यांवर थाळीच्या बरोबरीने "स्वच्छ स्वच्छतागृह" ठळक रंगवलेलं असतं. जेवणाऱ्यांच्या मताने महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरचा प्रवास सुसह्य केला, हे त्या मताचं ठोस यश आहे.

मग सगळं स्टारांवर आलं. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी सिएटलमधल्या हॉटेलांचा अभ्यास करून २०११ साली दाखवून दिलं होतं की येल्प या रिव्ह्यूंच्या संकेतस्थळावर एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं. आकडा इतका पैशाशी बांधला गेला म्हटल्यावर तो मिळवण्याचे आडमार्ग निघणारच. टेबलावर क्यूआर कोड चिकटवलेला असतो, पाच स्टार द्या आणि एक गुलाबजाम मोफत घ्या. वेटर बिलाबरोबर अदबीने सांगतो, "सर, रिव्ह्यूत माझं नाव टाका." कारण किती रिव्ह्यूंत नाव आलं यावर त्याला काहीतरी मिळणार असतं. मी अशा वेळी नाव टाकतो, त्या मुलाच्या पगाराचा प्रश्न असतो. पण ते वाचणाऱ्याला सेवा कशी होती हे अजिबात कळत नाही, हेही मला माहीत असतं. खोट्या रिव्ह्यूंना आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२मध्ये एक मानक आणलं. ते पाळणं ऐच्छिक ठेवलं होतं.

हॉटेलवालेही या काळात चिडले होते. २०१९च्या ऑगस्टमध्ये देशभरातल्या अनेक रेस्टॉरंटांनी अॅपवरच्या सवलतीच्या योजनांविरुद्ध लॉगआउट मोहीम काढली. एकावर एक मोफतच्या सवयीने आलेलं गिऱ्हाईक सवलत संपली की दुसरीकडे जातं, जाताना दोन स्टार देऊन जातं, ही त्यांची तक्रार मला पटते. पन्नास टक्के सवलतीत जेवलेल्या माणसाचं मत हे बरंचसं सवलतीबद्दलचं मत असतं.

खरा तुटलेपणा आला तो घरपोच जेवणाने. स्विगी २०१४ सालची, झोमॅटोने जेवण पोचवायला सुरुवात केली २०१५ साली, आणि २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागल्यावर कित्येक हॉटेलांना जगायला तेवढाच एक मार्ग उरला. डोसा तव्यावरून उतरतो, डब्यात जातो, स्वतःच्याच वाफेने मऊ पडतो आणि सिग्नलवर थांबत थांबत वारज्याला पोचतो. गिऱ्हाईक लिहितं, "डोसा कुरकुरीत नव्हता," आणि एक स्टार देतं. त्याचं खोटं नसतं. पण करणाऱ्याने तो कुरकुरीतच केलेला असतो, आणि आणणारा पोरगा पावसात भिजलेला असतो. चूक कोणाची हे ठरवायला त्या तिघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या समोर नसतो. याचा परिणाम मेन्यूवर झालेला मला दिसतो. प्रवासात टिकतील असे पदार्थ वाढले, दाट ग्रेव्हीच्या पनीरच्या भाज्या, बिर्याणी. अळूचं फदफदं, गरम घावन, ताज्या पुऱ्या असं नाजूक काही त्या यादीत शोधावं लागतं.

शिवाय यातल्या कितीतरी स्वयंपाकघरांना बसायची जागाच नाही. तिथे ताट परत येत नाही. अर्धी भाजी कचऱ्यात गेली की पूर्ण संपली, हे भाजी करणाऱ्याला कधीच कळत नाही. त्याला संध्याकाळी ३.८ किंवा ४.१ असा आकडा दाखवला जातो. मीठ जास्त होतं की वांगी कडू होती, हे त्या आकड्यात कुठे असतं? या सगळ्या बदलात मला सर्वांत जास्त लागतं ते हेच. जेवणाऱ्याचं बोलणं कधी नव्हे इतकं वाढलं, आणि स्वयंपाक करणाऱ्याला त्यातलं उपयोगाचं फार थोडं मिळालं.

बिलाबद्दलच्या मतांना मात्र दाद लवकर मिळाली. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला तेव्हा बिनएसीच्या हॉटेलात १२ आणि एसीत १८ टक्के कर लागायचा, लोकांनी मोठा ओरडा केला आणि १५ नोव्हेंबरपासून बहुतेक हॉटेलांना तो ५ टक्के झाला. सेवाशुल्क परस्पर बिलात लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती भूमिका उचलून धरली. १ जानेवारी २०२२पासून अन्न परवान्याचा क्रमांक बिलावर छापणं सक्तीचं झालं, तोही कामाचा आहे. जेवणातून काही बाधलं तर तक्रार कोणाविरुद्ध करायची हे निदान त्या कागदावर असतं. पैशाचं मत सरकारला कळतं. चवीचं मत शेवटी चूल सांभाळणाऱ्यालाच कळायला हवं.

ते कळण्याच्या जागा अजून आहेत. स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींमुळे सदाशिव पेठेतल्या मेस आजही भरलेल्या असतात. आमच्या गल्लीतल्या एका मेसचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे आणि घरी एकटा असलो की मीही तिथे जेवत असल्याने त्यात आहे. सकाळी काकू मेन्यू टाकतात, न येणारे तिथेच खाडा कळवतात. आणि मुलं बोलतात, आमच्यापेक्षा कितीतरी मोकळेपणाने. मुली तर जास्तच. मध्यंतरी एकीने सरळ लिहिलं, "काकू, दोन दिवस झाले पोळ्या जाड येतात, मधे कच्च्या राहतात." खाली आठ-दहा जणांनी अंगठे टाकले. थोड्या वेळाने काकूंचा आवाजी निरोप आला, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती: पोळ्यांच्या जुन्या बाई गावी गेल्यात, नवीन आहेत, जरा सांभाळून घ्या, आज मी स्वतः उभी राहते. रात्रीच्या पोळ्या बऱ्या होत्या, दुसऱ्या दिवशीच्या चांगल्या. नंतर त्या मुलीने तसं ग्रुपवर लिहिलंही, आणि त्याखाली लगेच विदर्भातल्या एका मुलाने आमटीतल्या गुळाचा विषय काढला.