बाळाचा इसब आणि ताटातले पथ्य

बाळाच्या गालावर लाल चट्टे उठले, थोड्या मोठ्या मुलाला कोपराच्या घडीत किंवा गुडघ्यामागे खाज सुटली की घरात पहिला प्रश्न येतो, "काय खाल्लं होतं?" मग एकेक वस्तू बंद होऊ लागते. दादी म्हणतात अंडे नको, नानी म्हणतात मासळी नको, शेजारची खाला वांगेही सोडायला सांगते. बाळ अंगावर पीत असेल तर पथ्य आईच्या ताटावर येते आणि दोषही तिच्याच पदरात पडतो.

आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. पण इसब असलेली मुले आमच्या वर्गात असतात. रात्रभर खाजवल्यामुळे ती बाकावर पेंगतात. काहींच्या डब्यात दूध, अंडे, शेंगदाणा यांपैकी काहीच नसते. म्हणून याबाबतची वैद्यकीय माहिती येथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

इसब हा मुळात कातडीचा विकार आहे. अशा मुलांची कातडी ओलावा धरून ठेवत नाही आणि बाहेरच्या त्रासदायक गोष्टींना अडवतही नाही. कातडी मजबूत ठेवणाऱ्या फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील दोषाशी इसबाचा संबंध असल्याचे 2006 साली दिसून आले. त्यामुळे आईवडिलांना इसब किंवा दमा असेल तर मुलालाही इसब होण्याची शक्यता वाढते. हा आजार संसर्गाने पसरत नाही. अशा मुलाला वेगळे बसवण्याचे काहीच कारण नाही.

मग अन्नाचा संबंध नाही का? आहे, पण सर्वांच्या बाबतीत नाही. मध्यम किंवा तीव्र इसब असलेल्या साधारण एक तृतीयांश मुलांना एखाद्या अन्नाची ॲलर्जी आढळते. दूध, अंडे, शेंगदाणा, गहू, सोयाबीन, सुकामेवा आणि मासळी ही त्यातली नेहमीची नावे. पुष्कळदा इसब आधी होतो आणि ॲलर्जी मागून येते. भेगाळलेल्या कातडीतून अन्नाचे कण आत शिरतात आणि शरीर त्यांना शत्रू समजू लागते.

2015 साली लंडनमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, 4 ते 11 महिन्यांची 640 बाळे त्यात होती. काहींना शेंगदाणा नियमित दिला, इतरांना पूर्ण बंद ठेवला. पाच वर्षांची होईपर्यंत, खाणाऱ्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली. भीतीपोटी बंद केलेले अन्नच पुढे धोक्याचे ठरू शकते, हा त्याचा धडा. मात्र तीव्र इसब असलेल्या बाळाला शेंगदाणा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. द्यायचा तो बारीक कूट करून, पातळ खाण्यात मिसळून. अख्खा दाणा लहान मुलाच्या घशात अडकतो.

खऱ्या ॲलर्जीची खूण कोणती? खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, उलटी होणे. श्वास अडकला किंवा मूल मलूल झाले तर घरगुती उपायात वेळ न दवडता ताबडतोब दवाखाना गाठावा. कधी कधी मात्र इसब एकदोन दिवसांनी चिघळतो. अशा वेळी डॉक्टर संशय असलेली एकच वस्तू दोन ते चार आठवडे बंद करतात आणि पुन्हा देऊन पाहतात. नुसत्या रक्ततपासणीवरून निर्णय होत नाही, कारण तपासणीत ॲलर्जी दिसूनही मूल ती वस्तू निर्धास्त खाऊ शकते. गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल तर बकरीचे किंवा म्हशीचे दूध हा उपाय नव्हे. त्यांतली प्रथिने फार मिळतीजुळती असतात. आईचे दूध तर आपल्या मनाने कधीच तोडू नये.

खरा उपचार रोजचा आहे. कोमट पाण्याने पाचदहा मिनिटांत आंघोळ, सौम्य साबण, आणि अंग ओलसर असतानाच बिनवासाचे मॉइश्चरायझर भरपूर लावणे. ते दिवसातून निदान दोनदा. कपडे सुती असावेत. बाळाच्या अंगाला अत्तर लावू नये. इसब चिघळला की डॉक्टरांनी दिलेले स्टिरॉइडचे मलम सांगितले तितके दिवस लावावे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंतचे मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. त्याची अवाजवी धास्ती नको. मात्र दुकानातून आपल्या मनाने आणलेले मलम मुळीच नको.

ॲलर्जी पक्की ठरली तर पथ्य सर्व घराने पाळावे. ईदच्या दिवशी आग्रहाने तोंडात घातलेला शीरखुर्म्याचा एक चमचाही त्रास देऊ शकतो, कारण त्यात दूध, शेवया आणि सुकामेवा तिन्ही असतात. नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावे. वर्गशिक्षकांनाही लेखी कळवावे. दूध आणि अंड्याची ॲलर्जी पुष्कळ मुलांत वाढत्या वयात ओसरते, म्हणून डॉक्टरांना वेळोवेळी दाखवत राहावे.

आणि घरातल्या मोठ्यांना एक विनंती. बाळाला इसब झाला म्हणून सुनेच्या ताटाकडे बोट दाखवू नका. तिला पोटभर जेवू द्या आणि बाळाला मलम लावायच्या वेळी तिच्या हाताला हात लावा.