संगणकातील कोठावळा बदलताना

संगणकाच्या मेमरीविषयी बोलावयाचे झाले म्हणजे आपण बहुधा तिच्या मापाविषयी बोलतो. आठ गिगाबाइट की सोळा, एवढाच प्रश्न दुकानात विचारला जातो. परंतु कोठार केवढे आहे ह्याला जेवढे महत्त्व, तेवढेच त्याचा कोठावळा कसा आहे ह्यालाही असते.

'सी' भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमला काम चालू असता जागा लागली की तो 'मॅलॉक' ह्या नावाने हाक मारतो, आणि गरज सरली की 'फ्री' ह्या नावाने ती परत करतो. ह्या हाकांना ओ देणाऱ्या यंत्रणेस मेमरी ॲलोकेटर म्हणतात. ह्या भाषणापुरते आपण तिला कोठावळा म्हणू. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर असा एक कोठावळा नेमलेलाच येतो. लिनक्सच्या बहुतेक प्रकारांत तो ग्नू सी लायब्ररीतील असून त्याची वंशावळ डग ली ह्यांनी १९८७ साली लिहावयास घेतलेल्या ॲलोकेटरपर्यंत पोचते.

मग हा नेमलेला कोठावळा बदलावा कशासाठी? ब्राउझरचे उदाहरण घ्या. माणूस वीस पाने उघडतो, अठरा मिटतो. लहानमोठे लक्षावधी तुकडे घेतले जातात आणि वेडेवाकडे परत येतात. कोठारात एकूण मोकळी जागा पुष्कळ उरते, पण ती फटीफटींतून. सलग पोते ठेवावे म्हटले तर जागा नाही. ह्या विखंडनाला कंटाळूनच फायरफॉक्सच्या कर्त्यांनी २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत, विंडोजवर व लिनक्सवर, जेसन इव्हान्स ह्यांचा 'जेमॅलॉक' हा ॲलोकेटर आणला. तो त्याआधी फ्रीबीएसडी ह्या सिस्टिममध्ये वापरात आलेला होता. दुसरे कारण असे की, आजचे प्रोग्रॅम एकाच वेळी अनेक धाग्यांनी काम करतात, आणि एकाच खिडकीपुढे सर्वांची रांग लागली तर प्रोसेसर कितीही वेगवान असून उपयोग नाही. जेमॅलॉक निरनिराळ्या धाग्यांना निरनिराळ्या खिडक्या वाटून देतो.

येथवर सारे सोपे वाटते. खरी अडचण नव्या कोठावळ्याच्या अकलेत नसून त्याच्या नेमणुकीत आहे. 'फ्री' म्हणताना प्रोग्रॅम केवळ जागेचा पत्ता सांगतो. ती किती होती, कोणी दिली, हे सांगत नाही. ती नोंद देणाऱ्याच्या वहीत असते. तेव्हा एकाने दिलेली जागा दुसऱ्याकडे परत गेली, तर तो आपल्या वहीत नसलेली नोंद वाचू लागतो. प्रोग्रॅम तत्काळ कोसळला तर नशीब म्हणावयाचे. तो न कोसळता गुपचूप दुसऱ्याच कोणाची माहिती बिघडवीत राहिला, तर दोष सापडावयास आठवडे लागतात. ज्या भांडारातून वस्तू घेतली तेथेच ती जमा करावी, हा सरकारी कचेरीतला नियम आम्हां नोकरदारांना जाचक वाटतो. येथे मात्र त्याचे मर्म लख्ख दिसते.

लिनक्सवर नेमणूक सुलभ आहे. तेथे एखाद्या नावाचा शोध प्रोग्रॅममध्ये व सर्व लायब्रऱ्यांमध्ये क्रमाने होतो आणि जो प्रथम सापडेल तो मानला जातो. 'एलडी प्रीलोड' ह्या व्यवस्थेने नव्या लायब्ररीस रांगेत पुढे उभे केले की सर्वांच्या हाका तिच्याकडे जातात. मात्र मॅलॉकची भावंडेही बरोबर बदलली पाहिजेत. विशिष्ट पटीच्या पत्त्यावरच जागा मागणारे एखादे फंक्शन जुन्याकडेच राहिले, तर वर सांगितलेला घोटाळा झालाच.

मॅकवर नुसते नाव पुरत नाही. कोणत्या लायब्ररीतील नाव, हेही लिहून ठेवलेले असते. ॲपलने त्यावर सभ्य तोड काढली आहे. तेथे कोठाराचे 'झोन' असतात, आणि परत आलेली जागा कोणत्या झोनची, ह्याची आधी चौकशी होते. नव्या कोठावळ्याने आपला झोन नोंदवून तो अग्रभागी आणावयाचा. बाहेरून लायब्ररी घुसविण्याचा मार्गही आहे, परंतु २०१५ पासून सिस्टिमच्या संरक्षणाखालील प्रोग्रॅमांना तो बंद आहे. मला ही झोनची रचना सर्वांत समंजस वाटते.

विंडोजवरचा मामला अवघड. तेथे प्रत्येक डीएलएल आपल्यापुरती सी लायब्ररीची निराळी प्रत बाळगू शकते. म्हणजे एका वाड्यात चार कोठावळे. फायरफॉक्सच्या मंडळींना मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीचा सोर्स घेऊन, त्यात जेमॅलॉक बसवून, ती लायब्ररीच नव्याने बांधावी लागली. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून ह्या लायब्ररीचा मोठा भाग विंडोजचेच अंग झाला, तेव्हा तो उपायही संपला. मायक्रोसॉफ्टच्याच संशोधन विभागातून २०१९ साली आलेला 'मायमॅलॉक' आता चालू प्रोग्रॅममध्ये मूळ फंक्शनच्या आरंभीच्या सूचना पालटून हाका आपल्याकडे वळवितो. घरच्याच माणसाला मागील दाराने यावे लागावे, ही गंमतच!

एवढी यातायात प्रत्येकाने करावी असे मुळीच नाही. रस्ट ह्या भाषेच्या कर्त्यांनी तर २०१९ च्या जानेवारीत जेमॅलॉकची सक्ती काढून सिस्टिमचा ॲलोकेटर हाच मूळ पर्याय ठरविला. ज्याला हवा त्याने निराळा नेमावा. अँड्रॉइडने २०२० मध्ये 'स्कूडो' पत्करला तो मुख्यतः सुरक्षिततेसाठी.

तरीही ज्यांना बदल करावयाचा आहे त्यांनी मोजमापाला बसण्यापूर्वी एक खात्री करून घ्यावी. सी लायब्ररी ज्याच्या पोटातच कायमची जोडलेली आहे अशा प्रोग्रॅमवर प्रीलोडचा काहीही परिणाम होत नाही, आणि तसे कोणी सांगतही नाही. जुनाच कोठावळा मुकाट्याने काम करीत राहतो. मायमॅलॉकला सुरू होताना, तर जेमॅलॉकला प्रोग्रॅम संपताना, आपला अहवाल छापावयास सांगता येते. तो अहवाल उमटला नाही, तर पुढचे सारे आकडे जुन्याचेच समजावेत.