विसर्ग वाढतोय, पुढे कळवा

उस्मानपुऱ्यातले रंगमंदिर संत एकनाथांच्या नावाचे, आणि इथल्या नळाला येणारे पाणीही नाथांच्याच गावचे. पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, छत्रपती संभाजीनगरपासून पन्नासेक किलोमीटरवर. उन्हाळ्यात धरणात किती टक्के पाणी उरले, याची चर्चा या भागात घरोघर चालते. श्रावण-भाद्रपदात प्रश्न बदलतो : वरून किती येतेय आणि खाली किती सोडताहेत? त्याचे पुरे उत्तर कोणत्याही एका कार्यालयाकडे नसते.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली. आज धरणाची क्षमता सुमारे १०२ टीएमसी आहे. गंगापूर, दारणा या धरणांचे पाणी नांदूर मधमेश्वरवरून येते, भंडारदरा-निळवंड्याचे प्रवरेतून आणि मुळा धरणाचे मुळेतून. ही धरणे नाशिक महसूल विभागात, जायकवाडीची भिंत छत्रपती संभाजीनगर विभागात. खाली अंबड, गेवराई, माजलगाव, पाथरी, गंगाखेड असे तालुके ओलांडत गोदावरी नांदेडला पोहोचते आणि पुढे तेलंगणात शिरते. म्हणजे नाशिकला ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, की अर्धा डझन जिल्ह्यांचे नियंत्रण कक्ष एका साखळीत येतात.

साखळीत फिरणारा निरोप पाहण्यासारखा असतो. ‘दरवाजा क्र. १० ते २७ अर्ध्या फुटाने उघडून ९,४३२ क्युसेक विसर्ग सुरू.’ धरणाच्या २७ दरवाजांपैकी हे १८ नेहमीच्या वापराचे, उरलेले ९ आपत्कालीन. एक दरवाजा अर्धा फूट उचलला, की साधारण ५२४ क्युसेक पाणी सुटते. अभियंत्याला एवढ्यावर सगळे कळते. तो आकडा जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, तिथून तहसीलदार, मग तलाठी, पोलीस पाटील, कोतवाल. भोंगा वाजतो, गावात दवंडी फिरते. पण नदीकाठी मोटारी आणि जनावरे असलेल्या शेतकऱ्याला क्युसेकचा आकडा काय सांगणार? पाणी आपल्या मळईपर्यंत येणार की गावच्या वेशीपर्यंत, आणि कधी, एवढेच त्याला हवे असते.

ऑगस्ट २००६ मध्ये हा आकडा अडीच लाख क्युसेकच्या आसपास गेला. सेकंदाला सुमारे ७० लाख लिटर! पैठण शहरात पाणी शिरले. अशा वेळी वरच्या धरणावरून आलेल्या निरोपाला एक तास उशीर झाला, तरी त्या तासाची किंमत खालच्या गावांना मोजावी लागते.

जिल्ह्याजिल्ह्यातल्या आजच्या नियंत्रण कक्षांना महाराष्ट्रात खरे बळ मिळाले ते मराठवाड्याच्याच दुःखातून. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी तो प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आहे. गणेश विसर्जनामुळे ते जागेच होते, मुंबईत खिडक्यांची तावदाने हादरली, त्यांनी कोयनेला फोन लावला आणि केंद्र लातूर जिल्ह्यात असल्याचे तिथून कळले. मराठवाड्यातली गावे ढिगाऱ्याखाली, आणि पहिली बातमी सह्याद्रीतल्या धरणावरच्या यंत्राकडून! नंतर जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यांना राज्यात वेग आला. २००५च्या कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले.

पण अधिकार ज्याच्याकडे, त्याला संकट दिसतेच असे नाही. त्याच वर्षी २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तर कुलाब्याला जेमतेम ७३. मंत्रालय दक्षिण मुंबईत. त्याच्या खिडकीतून पाहणाऱ्याला उपनगरांची अवस्था दिसणे शक्यच नव्हते, आणि उपनगरांतले फोन बंद पडत होते.

माळीणची कथा याहून बोचरी. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले ते गाव दरडीखाली गेले. गाव जागेवर नाही, हे पहिल्यांदा लक्षात आले ते तिथून जाणाऱ्या एसटीच्या चालकाच्या. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, आणि दुसऱ्या सकाळी महाराष्ट्रभर असंख्य मोबाइल एकाच वेळी खणखणले. ती केंद्र सरकारच्या नव्या इशारा यंत्रणेची चाचणी होती. एका निरोपात लाखो फोन गाठण्याची ताकद आता हाती आहे. पण त्या फोनवर पाठवायचा मजकूर, ज्याला संकट दिसते त्याच्याकडून, वेळेत यायला हवा.

बाभळी बंधाऱ्याचे उदाहरण या बाबतीत फार मोलाचे वाटते. धर्माबाद तालुक्यातल्या या बंधाऱ्यावरून दोन राज्ये वर्षानुवर्षे भांडली. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला आणि १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवण्याचे बंधन घातले. देखरेखीला केंद्रीय जल आयोगासह तिघांची समिती नेमली. आता १ जुलैला दोन्ही राज्यांचे अधिकारी बंधाऱ्यावर हजर असतात आणि दरवाजे उचलले जातात. कोणी कोणाला कधी कळवायचे, हे तिथे माणसांच्या मर्जीवर राहिलेले नाही.

नाशिक ते नांदेड या पट्ट्यातही अशीच शिस्त हवी. निरोप धाडला एवढ्यावर काम संपू नये. पलीकडच्या कक्षाने ‘मिळाला, पुढे कळवले’ असे वेळेसह नोंदवावे, आणि ती नोंद वरच्या कक्षाला लगेच दिसावी. क्युसेकच्या शेजारी पाणी पोहोचण्याची अंदाजे वेळ लिहावी. पूररेषांचे नकाशे जलसंपदा विभाग तयार करतोच. ते फायलीतून गावात यायला हवेत. गोदाकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने या पावसाळ्याआधी आपल्या भिंतीवर रंगाने लिहून घ्यावे : पन्नास हजार क्युसेकला पाणी कुठवर, एक लाखाला कुठवर, अडीच लाखाला कुठवर. आणि त्याखाली जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक, १०७७.